चालू विषयावर आंदोलनाचं गाणं: कागदापासून चौकापर्यंत

पुण्यात आंदोलनाला विषयांची वानवा कधीच नव्हती. २०२३ च्या सुरुवातीला एमपीएससीचा नवा परीक्षा पॅटर्न पुढे ढकला म्हणून पोरं रस्त्यावर बसली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी मोठा मोर्चा निघाला आणि नदीकाठच्या झाडांना लोकांनी मिठ्या मारल्या. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं. २०२५ च्या जानेवारीत त्याच पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले आणि जो तो आपल्या नळाकडे संशयाने बघू लागला. दर वेळी घोषणा होत्या, आणि फलकांवरची पुणेरी खवचट वाक्यं तर वाखाणण्यासारखी होती. गाणी मात्र बहुतेक ठिकाणी तीच ती, वर्षानुवर्षं चालत आलेली.

जुनी गाणी वाईट नाहीत. ती म्हटली की माणसं एका सुरात येतात, नवख्याला धीर येतो. पण त्यात एकतानगरीचा पूर येत नाही, शहराच्या कडेच्या वाघोलीचा टँकर येत नाही. ज्या दिवशी ज्या कारणासाठी माणसं जमली, ते कारण त्या दिवशीच्या गाण्यात यायला हवं. हे लिहितोय ते अशा गटांसाठी, ज्यांच्याकडे पाच-सात माणसं, एखादी डफली, एक बरा मोबाइल आणि एक ठसठसणारा प्रश्न आहे. कवी असायची गरज नाही. गळा बरा असेल तर उत्तम, नसला तरी निभावतं.

पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, टिकाऊ ठेवा, कडवी बदलती ठेवा. बातमी रोज पालटते. अधिकारी बदलतो, तारीख पुढे जाते, निविदा रद्द होऊन पुन्हा निघते. गाणं अख्खं त्या दिवसाच्या बातमीवर बांधलं तर आठवड्यात शिळं होतं. ते इतकं गोल-गोल लिहिलं की कुठेही चालेल, तर कुठेच लागत नाही.

आधी कागद

गाणं लिहायला बसण्याआधी एक वाक्य लिहा. कुणी, काय ठरवलं, त्याने कुणाला काय भोगावं लागतंय आणि आपल्याला काय हवंय. हे एका वाक्यात येत नसेल तर अजून गाण्याची वेळ आलेली नाही. आधी गटात बसून भांडा. निम्म्या गटाला रस्ता रद्द व्हायला हवा असतो आणि निम्म्याला फक्त झाडं वाचायला हवी असतात, हे बऱ्याचदा इथेच उघडं पडतं. ते मोर्चाच्या दिवशी माईकवर उघडं पडण्यापेक्षा बरं.

मग त्या वाक्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे कागद शोधा. महापालिकेचं अंदाजपत्रक, निविदा, राज्याचे शासन निर्णय हे ऑनलाइन सापडतं. पर्यावरणाचं प्रकरण असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, त्याचे आदेश वाचा. जे उघड नाही त्यासाठी माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर देण्याचं बंधन. उत्तर येईपर्यंत गाणं थांबवायची गरज नसते, त्या जागी एक कडवं रिकामं ठेवायचं. वृत्तपत्राचं कात्रण चालतं, पण दोन वेगळ्या पेपरांत तीच गोष्ट आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो हा पुरावा नव्हे, तो कितीही पटला तरी.

उदाहरणासाठी आपण टँकरचा विषय धरू. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द एका आदेशाने सरकते. जलवाहिनी, टाकी, मीटर यांना वर्षं लागतात. मधल्या काळात माणसं टँकरवर जगतात. आपलं वाक्य असं: ‘गाव शहरात घेतलं, कर सुरू झाला, पण नळाला पाणी नाही आणि टँकरचा खर्च आमच्या खिशातून जातो, जलवाहिनीची तारीख लेखी द्या.’ मागणी शेवटी आलीय आणि ती तपासता येण्यासारखी आहे. ‘न्याय द्या’ ही मागणी होत नाही. न्याय कुठल्या खिडकीवर मिळतो?

आकडा गाता आला पाहिजे

आकड्यांवर बहुतेक गाणी आपटतात. एक तर आकडा टाळतात, नाहीतर अहवालातला जसाच्या तसा कोंबतात. पुराचंच बघा. खडकवासल्यातून विसर्ग किती, हे पावसाळ्यात पुण्यातलं शेंबडं पोरही सांगतं, पण एक क्युसेक म्हणजे किती पाणी हे विचारलं की सगळे गप्प. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. म्हणजे एक हजार क्युसेकला सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर. सोसायटीत येणारा मोठा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर दहा हजार क्युसेकला दर सेकंदाला अठ्ठावीस टँकर नदीत रिकामे होतायत. ‘दहा हजार क्युसेक’ कुणी गाऊ शकत नाही. ‘एक म्हणेस्तोवर अठ्ठावीस टँकर’ हे गाता येतं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टँकरची रांग उभी राहते.

तेव्हा आकडा आला की आधी त्याला लोकांच्या मापात आणा: टँकर, बसचं तिकीट, महिन्याचं भाडं, मुलीच्या कॉलेजची फी, सिंहगड रोडवरून स्वारगेटला लागणारा वेळ. कोटींचा आकडा असेल तर तो किती घरांत वाटला तर किती येतो ते काढा. गणित दोघांनी वेगवेगळं करा आणि जुळवा. गाण्यातला आकडा चुकला की समोरचा बाकीच्या अकरा ओळींकडे बघतच नाही.

साचा कुठला घ्यायचा

इथे मराठी माणसाला पदरात पडलेलं धन मोठं आहे, आणि ते वापरायचं सोडून गिटारवर तीन कॉर्ड शोधत बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. गिटार वाजवा, हरकत नाही. पण चौकात शंभर माणसांना झील (मागून सुरात साथ) धरायला लावायची असेल तर ज्या चाली त्यांच्या कानात आधीच आहेत त्यांच्याकडे जा.

हे नवं नाही. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये इथेच पुण्यात स्थापन झाला, त्याचे जलसे, म्हणजे गाण्यांचे प्रबोधनाचे कार्यक्रम, पुढे गावोगाव गेले ते तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन. गणेशोत्सवातले मेळे (गाणाऱ्यांची पथकं) दर वर्षी चालू राजकारणावर नवी पदं बसवायचे. त्यातली काही विखारीही होती, हेही लक्षात असू द्या. त्यांना उत्तर म्हणून ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी तमाशातला गण ठेवला, फक्त वंदन गणपतीऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना केलं. साचा ओळखीचा, भरण नवं. आपल्यालाही एवढंच करायचंय.

घटना घडत गेली तशी सांगायची असेल तर पोवाडा. पण त्याला एक दमदार गळा आणि मागे ‘जी जी’ धरणारे दोन झीलकरी लागतात. ते नसतील तर वाटेला जाऊ नका, अर्ध्यात धाप लागते. कुणाचा जीव गेला असेल तर संथ ओवी. वस्तीतल्या मोठ्या बायांना ओवीची चाल शिकवावी लागत नाही, उलट त्याच तुमच्या ओळी दुरुस्त करतात. खिल्ली उडवायची असेल तर भारूड. एकनाथांच्या भारुडात जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगं येतात, आणि आश्वासनांवर बोलायला जोशी तर हाताशी तयारच आहे: तो पंचांग उघडतो आणि जलवाहिनीचा मुहूर्त सांगतो, दर वेळी पुढच्या वर्षीचा.

अभंगाचा साचा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण तो मोजता येतो. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या नि तिसऱ्या चरणात. बोटांवर मोजा:

उघडला नळ । आली फक्त हवा ।
टँकर मागवा । पैसे भरा ॥

कर भरू आम्ही । वेळेवर सारा ।
नळातून वारा । कसा येतो ॥

शेवटचा चार अक्षरांचा चरण हा टोला द्यायची जागा. ‘पैसे भरा’ हे टँकरवाल्याचं रोजचं वाक्य आहे, तसंच्या तसं उचललंय. अभंगात जोडाक्षर एकच अक्षर मोजतात, आणि गाताना ऱ्हस्व-दीर्घ ओढून घेता येतं, त्यामुळे नवशिक्यालाही जमतं. आरतीच्या चालीवर लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. हसू येतं, पण एखादा दुखावला की चर्चा पाण्यावरून उठून धर्मावर जाऊन बसते. मी आरती टाळतो.

सिनेमातल्या गाण्याची चाल चौकात झटकन चालते, ऑनलाइन टाकली की अडचण सुरू. त्याबद्दल पुढे.

ध्रुपद आणि कडवी

पहिला मसुदा बहुतेकांचा असा येतो: ‘अन्यायाच्या काळोखातून क्रांतीची मशाल पेटू दे.’ यात खोटं काही नाही. पण हे वाक्य चंद्रपुरात, चेन्नईत, १९७० मध्ये आणि परवाही तसंच म्हणता आलं असतं. मशाल, वणवा, रक्त, पहाट, साखळदंड हे शब्द पहिल्या मसुद्यात आले की खोडून टाका आणि त्या जागी वस्तू आणा: बादली, मीटर, पावती, बोअर, ड्रम, पाळी. ‘पाळी’ म्हणजे पाणी सोडायची पाळी. हा शब्द वाल्व्हमन आणि वस्तीतल्या बाया रोज वापरतात. असे शब्द गोळा करायला अर्धा तास टँकरच्या रांगेत उभं राहा. कवितेच्या पुस्तकात ते नाहीत.

ध्रुपद आधी लिहा. ते इतकं छोटं हवं की एकदा ऐकून दुसऱ्यांदा म्हणता यावं. सवाल-जवाब असेल तर आणखी बरं: पुढचा विचारतो, गर्दी उत्तर देते.

नळ कुठाय? — कागदात जी!
पाणी कुठाय? — टँकरात जी!
बिल कुठाय? — दारात जी!

आता हे मात्रांत तोला: ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ‘पाणी कुठाय’ आठ मात्रा, ‘टँकरात जी’ आठ, म्हणजे केरवा तालाच्या आठ मात्रांच्या आवर्तनात एकेक तुकडा बरोबर बसतो. ‘नळ कुठाय’ आणि ‘बिल कुठाय’ सहाच भरतात, पण ‘नऽऽळ’, ‘बिऽऽल’ असं ओढलं की भरून निघतं, आणि त्या ओढण्यात थोडा वैतागही येतो. ‘दारात जी’ एका मात्रेने कमी आहे. तिथे ‘दाऽरात’ म्हणा किंवा डफावर एक थाप जास्त पडू द्या. गर्दीच्या वाट्याला आलेले शब्द बघा: तिन्ही उत्तरांत ‘आ’कार आणि शेवटी ‘जी’. आकारात तोंड उघडतं, आवाज लांब जातो. गर्दीच्या ओळीत ‘प्रक्षुब्ध’, ‘भ्रष्टाचाऱ्यांनो’ असले शब्द घातलेत तर निम्मे ओठ हलवतील आणि निम्मे मोबाइल काढतील.

कडवं एकट्याने किंवा दोघांनी गायचं, म्हणून तिथे तपशील भरता येतो. आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे घेऊ:

गाव आलं शहरात, नाव आलं पाटीवर,
कर आला वेळेवर, पाणी आलं चाकांवर!

आधी ठरवलेलं ते लांबलचक वाक्य इथे चार तुकड्यांत आलं. ‘आलं, आलं, आला, आलं’ असं चारदा म्हटल्यावर शेवटी ‘चाकांवर’ येतं आणि तिथे लोक हसतात. हसू आलं की पुढचं ध्रुपद आपोआप जोरात येतं. अशी तीन कडवी पुरेत. एकात काय घडलं, एकात कोण भोगतंय, एकात मागणी. मागणीचं कडवं शेवटी ठेवा आणि त्यात अलंकार करू नका.

कडवी सुट्या चिठ्ठ्यांवर लिहा, एका सलग कागदावर नको. उंड्रीत म्हणताना एक, वाघोलीत म्हणताना दुसरं. गाण्याचं नाव ध्रुपदावरून पडलेलं असतं, तेव्हा आतलं कडवं बदललं तरी गाणं तेच राहतं.

तालीम

पट्टीचा घोळ हमखास होतो. पुरुषांना पेटीवरची काळी एक-दोन सोयीची, बायकांना काळी चार-पाच. मिश्र गटात पुढच्या गायकाच्या सोयीने पट्टी धरली की उरलेले अर्धे एक तर खर्जात पुटपुटतात किंवा टिपेला जाऊन किंचाळतात. उपाय सोपा आहे: चाल पाच-सहा स्वरांच्या आत ठेवा आणि पट्टी गर्दीकडे बघून ठरवा. कडव्यात गायकाला काय हरकती घ्यायच्या त्या घेऊ द्या, ध्रुपदात एकही नको.

तालीम उभ्याने करता, पण मोर्चात चालत गायचं असतं. म्हणून एकदा चालत गाऊन बघा, शक्यतो तळजाईच्या चढावर. जिथे श्वास तुटतो तिथे ओळ तोडा.

डफली हलकी, शिकायला सोपी. हलगीचा आवाज रहदारीतही दूर जातो, पण पावसाळ्यात कातडं उतरतं आणि आवाज बसतो. मग कागद पेटवून शेकावी लागते. मोर्चात जाळ करणं पोलिसांना आवडत नाही हे गृहीत धरून पावसात फायबरच्या पानाची डफली घ्या. वाजवणारा एकच असू द्या. दोघे हौशी वाजवणारे म्हणजे दोन मोर्चे.

तालमीला गटाबाहेरची दोन माणसं बोलवा, शक्यतो ज्यांना प्रश्नाची काही माहिती नाही अशी. गाणं एकदा म्हणा आणि विचारा: काय कळलं? त्यांना ‘पाण्याचा काहीतरी प्रॉब्लेम’ एवढंच सांगता आलं तर कडवं पुन्हा लिहा. ध्रुपद त्यांना म्हणायला सांगा. जिथे ते अडखळतात तो शब्द बदला, कितीही लाडका असला तरी.

चौकात

जागा बघून गाणं म्हणायचं असतं. अलका चौकात सिग्नल सुटला की कडव्यातलं काही ऐकू येत नाही. तिथे फक्त ध्रुपद आणि घोषणा. बालगंधर्व चौकात पदपथावर थोडं बरं. फुलेवाडा किंवा सिंहगड रोडवरच्या साने गुरुजी स्मारकासारख्या ठिकाणी माणसं ऐकायलाच आलेली असतात, तिथे तिन्ही कडवी म्हणा, मध्ये दोन वाक्यं बोला. गुडलक चौकातल्या कट्ट्यावर पोरं घोळक्याने असतात, तिथे भारूड चालतं. महापालिकेसमोर म्हणाल तर मागणीचं कडवं दोनदा.

परवानगीचं नीट बघा. जमावबंदीचे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघतात. त्या तारखेला तो लागू आहे का हे आधी विचारून घ्या. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची. ध्वनिक्षेपकासाठी वेगळी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो चालत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. जिल्हाधिकारी कार्यालयापाशी म्हणणार असाल तर ससून रुग्णालय जवळच आहे हे डोक्यात ठेवा. साऊंड सिस्टीमपेक्षा तीस माणसांचा कोरस बरा: परवाना नको, भाडं नको, आणि कुणी वायर उपटू शकत नाही.

ध्रुपदाच्या चिठ्ठ्या झेरॉक्स करून न्या. मोठा टाइप, फक्त ध्रुपद आणि मागणी. मागच्या बाजूला तारीख आणि माहिती कुठून घेतली ते.

नाव घ्यायचं का?

हा प्रश्न प्रत्येक गटात येतो आणि त्यावर मैत्र्या तुटतात. माझं मत: पदाचं नाव घ्या, निर्णयाचं नाव घ्या, आणि माणसाचं नाव तेव्हाच घ्या जेव्हा त्याची सही असलेला कागद तुमच्या हातात आहे. ‘आयुक्तांनी तारीख दिली नाही’ हे खरं असेल तर बिनधास्त गा. ‘अमक्याने पैसे खाल्ले’ हे पुराव्याशिवाय गायलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामी: दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा. लोकसेवकाच्या कामकाजाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला त्याच कलमात अपवाद आहे, पण सद्भावना दाखवायला कागदच लागतो. आणि ‘पैसे खाल्ले का हो?’ असं प्रश्नचिन्ह लावलं म्हणजे सुटलो, असं काही नसतं.

जात, धर्म, शरीर, बायको-मुलं यावर एक शब्दही नको. ‘बांगड्या भरा’ छापाच्या ओळी मोर्चात अजून ऐकू येतात, आणि त्या म्हणणाऱ्यांच्या मागे बांगड्या घातलेल्या बायाच हंडे घेऊन उभ्या असतात. समाजात तेढ निर्माण करणं (कलम १९६) आणि धार्मिक भावना दुखावणं (कलम २९९) ही कलमं माहीत असू द्या.

दुसरी बाजूही माहीत हवी. समाजमाध्यमावरच्या एका व्हिडिओत वाजलेल्या कवितेवरून गुजरातमध्ये एका खासदारावर नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी रद्द केला. शब्दांचा परिणाम ठरवताना समजूतदार, खंबीर मनाच्या माणसाचा निकष लावायचा, टीका ऐकली की ज्याला असुरक्षित वाटतं त्याचा नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या अशा प्रकरणांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी, असंही त्यात आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. याचा अर्थ नोटीस येणारच नाही असा नाही. ओळखीच्या वकिलाला गाणं आधी ऐकवा आणि त्यांचा नंबर गटात सगळ्यांकडे असू द्या.

मृत्यूवर गाणं करायचं असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय करू नका. अपघात, पूर, साथ. विषय कितीही तापलेला असो. त्यांनी नाही म्हटलं तर व्यवस्थेवर गा, माणसाचं नाव सोडा.

रेकॉर्डिंग आणि पाठवणं

दोन वेगळी रेकॉर्डिंग करा. एक चौकातलं, गर्दीसकट. दुसरं घरातलं, ज्यात शब्द स्वच्छ ऐकू येतील. घरातल्यासाठी बेडरूम, पंखा बंद, खिडकीवर गोधडी, मोबाइल तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, हातभर अंतरावर. आधी चुटकी-टाळीवर रेकॉर्ड करा, वाद्य नंतर. ॲपला चार ओळी देऊन तयार झालेलं चकचकीत गाणं हल्ली मिळतं. चाल कशी वाटेल हे पाहायला ठीक आहे. पण त्यात हरकती इतक्या असतात की वस्तीतलं कुणी मागोमाग गाऊ शकत नाही, आणि उच्चारात ‘ळ’ चा ‘ल’ झाला की नळाचं काय होतं ते सांगायला नको.

चेहरा दिसण्याबद्दल प्रत्येकाला आधी विचारा. अभ्यासिकेतला परीक्षार्थी, कंत्राटी कामगार, भाडेकरू यांना नंतर त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी हात, डफली, टँकरची नळी, कोरडा हंडा यांचे शॉट आणि वर मोठ्या अक्षरांत ओळी. लहान मुलांचे चेहरे नकोत.

हक्कांचं थोडं. भारतात गीत आणि चाल यांवरचा हक्क लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचना २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. परंपरेने आलेली ओवी-भारुडाची चाल कुणाच्या मालकीची नाही, पण कंपनीने काढलेलं तिचं रेकॉर्डिंग मालकीचं असतं, त्यामुळे त्याचा ट्रॅक खाली लावू नका. सिनेमातली चाल यूट्यूब आपोआप ओळखतं. मग आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उतरतो. स्वतःच्या गाण्याखाली लिहून टाका: गा, कडवी बदला, मूळ गटाचं नाव ठेवा.

व्हॉट्सॲपवर एक संदेश एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवता येतो, आणि फार फिरलेला असेल तर एकालाच. म्हणून ‘फॉरवर्ड करा’ म्हणण्यापेक्षा वेगवेगळ्या भागांतल्या पाच-सहा जणांना मूळ फाइल आणि ओळी थेट द्या, त्यांनी आपल्या गटात नव्याने टाकाव्यात. ओळी मजकूर म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. मजकूर कॉपी करून बदलता येतो. रील करताना फक्त ध्रुपद घ्या आणि आवाज इतरांना वापरता येईल असा ठेवा. वाघोलीतल्या कुणी स्वतःच्या रिकाम्या टाकीवर तो लावला की गाणं चाललं म्हणायचं. यूट्यूबवरच्या वर्णनात तारीख, प्रसंग आणि कुठल्या कागदावरून काय घेतलं ते लिहा.

बातमी हलली की

तारीख मिळाली, फाइल सरकली, अधिकारी बदलला की दोन दिवसांत कडवं बदला. लेखी तारीख मागितली आणि तोंडी मिळत राहिली, तर मागणीच्या आधी हे जोडता येईल:

आज म्हणे उद्या देऊ, उद्या म्हणे पाडव्याला,
पाडव्याला गेलो तर, फाइल गेली दौऱ्याला!

कुठल्या कडव्यातली माहिती चुकीची निघाली तर ते काढून टाका आणि जिथे टाकलं होतं तिथेच दुरुस्ती लिहा. गुपचूप उडवू नका, जुनी प्रत कुणाकडे तरी असतेच. मागणी मान्य झाली तर तसं सांगणारं कडवं करा, त्यात कामाची मुदत घाला. काम सुरू होईपर्यंत ते म्हणत राहा.

आणि प्रत्येक कडव्याला तारीख घालून एका वहीत ठेवा. मूळ रेकॉर्डिंग दोघांच्या घरी, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर. फाइलच्या नावात ठिकाण आणि दिवस असू द्या, ‘फायनल नवीन २’ असं नको.